शिट्टीआधीचा अर्धा तास

12 जून 2014. साओ पावलोत दुपार होती आणि कोल्हापुरात मध्यरात्र जवळ आली होती. आमच्या पेठेतल्या तालमीत भिंतीला पांढरी चादर ताणून तिच्यावर प्रोजेक्टर लावला होता. फुटबॉल विश्वचषकाचा पहिला, ब्राझील-क्रोएशिया सामना आपल्याकडच्या घड्याळात रात्री दीडला सुरू व्हायचा होता, पण पोरं अकरापासूनच जागा धरून बसली होती. निम्म्यांच्या अंगात पिवळे टी-शर्ट, दोघातिघांच्या अंगात आकाशी-पांढरे. ते अर्जेंटिनावाले, ब्राझील हरावं म्हणून आलेले. चादरीवर उद्घाटन सोहळा चालू होता. झाडं झालेली माणसं, फुलं झालेली माणसं, मैदानाच्या मधोमध दिव्यांचा भला मोठा गोळा. तो उघडला आणि त्यातून पिटबुल, जेनिफर लोपेझ आणि क्लाउडिया लेइट्टे गात वर आले. तालमीत कुणी चहा आणायला उठलं, कुणी मोबाइलवर संघ बघू लागलं. आमच्यातले सगळ्यांत वडीलधारे तात्या, ऐन तारुण्यात शाहू स्टेडियमवर डाव्या बगलेला खेळलेले, एवढंच म्हणाले, "बॉल कवा ठेवायचा मध्यावर?"

त्या अर्ध्या तासात एक गोष्ट घडून गेली आणि आमच्यापैकी एकालाही ती दिसली नाही. मैदानाच्या कडेला, अंथरलेल्या पट्टीवर, कमरेखालचं शरीर लुळं पडलेला एक ब्राझिलियन तरुण उभा होता. त्याच्या अंगावर यंत्राचा सांगाडा होता, डोक्यावर मेंदूतले विद्युत-संकेत टिपणारी टोपी. मिगेल निकोलेलिस या ब्राझिलियन मेंदूशास्त्रज्ञाने अनेक देशांतल्या सहकाऱ्यांना बरोबर घेऊन 'वॉक अगेन' नावाचा प्रकल्प उभा केला होता. तरुणाने मनात पाय उचलायचं ठरवायचं, टोपीने ते ओळखायचं, सांगाड्याने पाय हलवायचा आणि पाय चेंडूला लागल्याची जाणीव त्याच्या हातापर्यंत परत पोचवायची. त्याने चेंडू मारला. चेंडू थोडासा घरंगळला. जगभरच्या प्रक्षेपणात हे दृश्य जेमतेम काही सेकंद दिसलं आणि कॅमेरा पुन्हा नाचाकडे वळला.

सामना सुरू होण्याच्या जरा आधी आणखी एक गोष्ट घडली. तीन मुलांनी मधल्या वर्तुळातून पांढरी कबुतरं सोडली. त्यांतला एक गुआरानी या आदिवासी समाजातला होता. कबूतर सोडून परत जाताना त्याने लपवून आणलेलं एक फडकं उघडलं. आदिवासींच्या जमिनींच्या सीमा आखून द्या, ही त्याच्या लोकांची जुनी मागणी त्या फडक्यावर एका शब्दात लिहिलेली होती. ते फडकं प्रक्षेपणात आलंच नाही. छायाचित्रकारांनी टिपलं म्हणून जगाला कळलं.

त्या दुपारी सहाशेच्या वर कलाकार राबले, महिनोन्‌महिने तालमी झाल्या. या सगळ्यात लक्षात ठेवण्याजोग्या गोष्टी दोनच होत्या आणि दोन्ही नजरेआड झाल्या. तेव्हापासून मी या सोहळ्यांचा विचार करतो आहे आणि आता माझं मत पक्कं झालं आहे. फुटबॉलच्या मोठ्या स्पर्धांचे उद्घाटन सोहळे बंद व्हायला हवेत. आरंभाला विधी लागतो, हे मला मान्य आहे. मी ज्या गावात वाढलो तिथे नारळ वाढवल्याशिवाय कुठलंच काम सुरू होत नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की हा विधी येतो कुठून आणि तो करतो कोण.

आपल्या रंगभूमीवर नांदी आहे. 1880 मध्ये पुण्यात 'संगीत शाकुंतल' उभं राहिलं तेव्हापासून संगीत नाटकाच्या प्रेक्षकाला तिची सवय आहे. नांदी म्हणायला बाहेरून कुणी मोठा गवई बोलावत नाहीत. ज्यांना पुढे चार-पाच तास नाटक करायचं आहे तीच मंडळी रंगून, पोशाख चढवून उभी राहतात आणि गातात. तिथेच प्रेक्षकाला आवाज कळतात, ऑर्गनची पट्टी कळते, आजचा रंग कळतो. तमाशातला गणही तसाच. गणाला जो ढोलकीवाला असतो तोच वगाला असतो, आणि त्याच्या पहिल्या चार थापांत जाणत्याला रात्र कशी जाणार ते उमगतं. कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती लागते तेव्हा पैलवान हौद्यात उतरून माती कपाळाला लावतो, समोरच्याच्या हातात माती देतो, हात मिळवतो, खडाखडी सुरू होते. हलगी आधीपासून कडाडत असते. यातलं काहीही कुस्तीच्या बाहेरचं नाही. माती तीच, हात तेच.

फुटबॉललाही असा आरंभ आहे, आणि तो मला खेळातल्या सगळ्यांत देखण्या क्षणांपैकी एक वाटतो. खेळाच्या नियमावलीतला आठवा नियम त्याच्यावर आहे. चेंडू मध्यबिंदूवर स्थिर असला पाहिजे. चेंडू मारणारा सोडून प्रत्येक खेळाडू आपापल्या अर्ध्यात असला पाहिजे. समोरचा संघ चेंडूपासून किमान 9.15 मीटर लांब असला पाहिजे. मैदानाच्या मधोमध जे वर्तुळ दिसतं त्याची त्रिज्या तेवढीच आहे, कारण ते या एका क्षणासाठीच आखलेलं आहे. मग पंचाची शिट्टी. चेंडू पायाने मारला गेला आणि स्पष्टपणे हलला की खेळ सुरू. हा विधी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात जसा होतो तसाच गावच्या मैदानावर, चुन्याने ओढलेल्या वाकड्या रेषांत होतो. शिट्टीआधीच्या त्या दोन-तीन सेकंदांत बावीस माणसं आणि हजारो प्रेक्षक एका वस्तूकडे बघत असतात. तिसरी घंटा झाल्यावर नाट्यगृहात जी शांतता पसरते, तीच ही. तिच्याआधी अर्धा तास कानठळ्या बसवून ठेवल्या तर ती शांतता ऐकू कुणाला येणार?

इथे ऑलिम्पिकचा दाखला हमखास दिला जातो. ऑलिम्पिकला सोहळा चालतो, मग फुटबॉलला का नको? पण ऑलिम्पिकमध्ये दोन-अडीच डझन खेळ एकाच वेळी वेगवेगळ्या जागी सुरू होतात. सगळ्यांची मिळून एक शिट्टी तिथे शक्यच नाही, म्हणून एका संध्याकाळी सगळे एकत्र जमतात. शिवाय त्या सोहळ्याचा गाभा म्हणजे संचलन, आणि ते खेळाडूंचं असतं. ज्याला पहिल्याच फेरीत हरायचं आहे तोही आपल्या देशाच्या झेंड्यामागून चालतो आणि त्याची आई घरी बसून त्याला बघते. फुटबॉलच्या सोहळ्यात खेळाडू कुठे असतात? आत, ड्रेसिंग रूममध्ये, बुटांच्या नाड्या बांधत. ज्यांच्यासाठी सगळं जमलं आहे तेवढेच गैरहजर. त्यांचं गवत झाकून त्याच्यावर मंच उभा राहतो आणि त्यांचं अंग गरम करणंही मंच हलवण्याच्या वेळापत्रकात बसवावं लागतं.

पहिला विश्वचषक सुरू झाला तेव्हा यातलं काही नव्हतं. 13 जुलै 1930, मोंतेविदेओ, भर हिवाळा. स्पर्धेसाठी बांधायला घेतलेलं सेंतेनारिओ स्टेडियम पावसामुळे वेळेत पुरं झालं नाही, म्हणून पहिले दोन सामने दोन लहान मैदानांवर एकाच वेळी सुरू झाले. पोसितोसच्या मैदानावर फ्रान्सच्या ल्युसियाँ लोराँने 19व्या मिनिटाला मेक्सिकोवर गोल केला. विश्वचषकातला पहिला गोल. लोराँ सोशोच्या संघातून खेळायचा आणि पेजो मोटारींच्या कारखान्यात काम करायचा. सहकाऱ्यांनी त्याचा हात हातात घेतला आणि सगळे आपापल्या जागी परतले. पुढे जे काही अब्जावधी लोकांचं वेड झालं त्याची सुरुवात इतकी साधी होती. लोराँ 97 वर्षं जगला. 1998 मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकलेला त्याने पाहिला, आणि त्या स्पर्धेच्या आदल्या दिवशी पॅरिसच्या रस्त्यांवरून वीस मीटर उंचीचे चार महाकाय पुतळे फिरवलेलेही त्याच्या हयातीतच. सेंतेनारिओ मात्र पाच दिवसांनी, 18 जुलैला उघडलं. त्या दिवशी उरुग्वेच्या पहिल्या राज्यघटनेला शंभर वर्षं पुरी होत होती आणि यजमानांचा पेरूशी सामना होता. सोहळ्याची गरज राष्ट्राला होती, फुटबॉलचं त्याआधीच सुरू झालं होतं. हा फरक मला पुढच्या सगळ्या इतिहासात दिसत राहतो.

तो सर्वांत भयानक रूपात दिसला 1978 मध्ये, अर्जेंटिनात. दोन वर्षांपूर्वी लष्कराने सत्ता बळकावली होती. माणसं रात्री घरातून उचलली जात आणि पुन्हा दिसत नसत. मानवी हक्क संघटना बेपत्ता झालेल्यांचा आकडा 30,000 सांगतात. 1 जून 1978 रोजी बुएनोस आयरेसच्या मोनुमेंताल स्टेडियममध्ये उद्घाटन झालं. शेकडो तरुण-तरुणींनी पांढऱ्या वेषात मैदानावर कवायती केल्या, शरीरांची अक्षरं तयार केली. लष्करशहा होर्खे विदेला शांततेवर बोलला. स्टेडियमपासून जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर नौदलाची यांत्रिकी शाळा होती, एस्मा. तिथे डोळे बांधलेली माणसं साखळदंडात होती. ती इमारत आज संग्रहालय आहे, 2023 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशात घेतलं.

त्या दिवशी वार गुरुवार होता. दर गुरुवारी बेपत्ता मुलांच्या आया डोक्याला पांढरा रुमाल बांधून प्लासा दे मायो या चौकात गोल फिरत. त्या दिवशीही त्या आल्या. स्टेडियममध्ये सोहळा चालू होता आणि नेदरलँड्सच्या दूरचित्रवाणीचे लोक या चौकात आले होते. आपली मुलं कुठे आहेत एवढंच सांगा, असं त्या आया कॅमेऱ्यात बघून, रडत म्हणाल्या. जगाने त्यांना पाहिलं ते यामुळे. दोन पांढरे रंग त्या दिवशी त्या शहरात होते, कवायत करणाऱ्यांचा आणि या रुमालांचा. त्यांतला कुठला खरा होता हे सांगायची गरज नाही. कवायत करणाऱ्या मुलांना मी दोष देत नाही. शाळा-कॉलेजातली मुलं, सांगितलं तसं केलं. पण सोहळा हा प्रकारच असा आहे की तो सत्तेच्या हातात अलगद जातो. सामना तसा जात नाही, कारण सामना कसा संपणार हे कुणालाच ठाऊक नसतं. सोहळ्याचा शेवट आधीच लिहिलेला असतो. ज्याला काही झाकायचं असतं त्याला नेमकं असंच काहीतरी हवं असतं.

चार वर्षांनी बार्सिलोनात, 13 जून 1982 रोजी, मैदानावर माणसांनी पिकासोच्या कबुतराची आकृती उभी केली. एका लहान मुलाने हातातला चेंडू उघडला आणि त्यातून जिवंत कबूतर उडालं. मग अर्जेंटिनाचा संघ बेल्जियमविरुद्ध मैदानात उतरला. त्याच वेळी दक्षिण अटलांटिकमध्ये फॉकलंड बेटांवर अर्जेंटिनाचे सैनिक शेवटची लढाई लढत होते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शरणागती पत्करली. त्यांतले कितीतरी जण मैदानावरच्या खेळाडूंच्याच वयाचे होते. त्या कबुतराचा कुणाला काय उपयोग झाला?

नंतरच्या सोहळ्यांत राज्यकर्त्यांची जागा हळूहळू दूरचित्रवाणीने आणि प्रायोजकांनी घेतली. 1994 मध्ये शिकागोत डायना रॉसने गाता गाता चेंडू गोलमध्ये मारायचा आणि त्या धक्क्याने गोलपोस्ट दुभंगायचा असं ठरलं होतं. चेंडू बाहेर गेला, गोलपोस्ट ठरल्याप्रमाणे दुभंगलाच. त्या प्रसंगावर जग तीस वर्षं हसत आलं आहे. मला तिची कणव येते. ती थोर गायिका आहे. तिला पेनल्टी मारायला लावणं हा तिचाही अवमान होता आणि पेनल्टीचाही. त्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रोबेर्तो बाज्योचा पेनल्टीचा फटका बारवरून गेला आणि इटलीने विश्वचषक गमावला. फुटबॉलमध्ये चुकलेल्या पेनल्टीची किंमत अशी असते, ती आयुष्यभर फेडावी लागते. ठरल्या वेळी आपोआप तुटणाऱ्या गोलपोस्टला ही गोष्ट कशी कळावी?

सोहळा नसला तर काय बिघडतं, याचं उत्तर 2006 मध्ये मिळालं. जर्मनीत कलावंत आंद्रे हेलर बर्लिनच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये भव्य उद्घाटन करणार होता. तारीख ठरली होती 7 जून. जानेवारीत फिफाने ते रद्द केलं आणि कारण दिलं गवताचं: सोहळ्यानंतर मैदान नव्याने तयार करावं लागेल आणि 13 तारखेच्या ब्राझील-क्रोएशिया सामन्याला ते धोक्याचं ठरेल. खरं कारण हेच होतं की नाही यावर जर्मनीत वाद झाला, पण दिलेलं कारण मला फार आवडतं. गवताचा विचार आधी. म्युनिकमध्ये पहिल्या सामन्याआधी छोटासा कार्यक्रम झाला, बव्हेरियन नाच झाला, जुने विश्वविजेते मैदानात येऊन गेले. मग सहाव्या मिनिटाला फिलिप लाम डावीकडून आत वळला आणि उजव्या पायाने चेंडू वरच्या कोपऱ्यात धाडला. त्याच्या हाताला अजून पट्टी बांधलेली होती. जर्मन लोक त्या उन्हाळ्याला आजही परीकथा म्हणतात. बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यापाशी पडद्यांसमोर लाखो लोक जमत होते, आणि रद्द झालेल्या कार्यक्रमाची आठवण कुणी काढत नव्हतं.

पॅरिसची गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. 28 मे 2022, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना, लिव्हरपूल आणि रेआल माद्रिद. स्टेडियमच्या बाहेर तिकीटधारक प्रेक्षक अरुंद वाटांत चेंगरत उभे होते, दरवाजे बंद होते, पोलिस अश्रुधूर सोडत होते, गर्दीत लहान मुलं आणि व्हीलचेअरवरची माणसं होती. लिव्हरपूलवाल्यांच्या मनात हिल्सबरोची, 1989 साली चेंगराचेंगरीत गेलेल्या आपल्या 97 माणसांची आठवण कायम जिवंत असते. आतल्या पडद्यावर लिहून आलं की प्रेक्षक उशिरा आल्यामुळे सामन्याला उशीर होतो आहे. बाहेरची माणसं बाहेरच असताना आत कमिला काबेयो हिचा उद्घाटनाचा कार्यक्रम झाला. पुढे युएफानेच नेमलेल्या स्वतंत्र समितीने या गोंधळाची मुख्य जबाबदारी युएफावर ठेवली आणि प्रेक्षकांनी प्रसंगावधान राखलं म्हणून मृत्यू टळले, असं नोंदवलं. त्या गायिकेला बाहेर काय चाललं आहे याची कल्पनाही नसेल. पण ज्यांना होती त्यांनी कार्यक्रम थांबवला नाही. वेळापत्रकात सोहळ्याला जागा असते, दरवाज्याबाहेर उभ्या असलेल्या माणसाला नसते.

आता एक आक्षेप, आणि तो वजनदार आहे. ज्या देशाला जग ऐकूनच घेत नाही त्याला आपली ओळख करून द्यायची ही एकच संधी असते, ती का हिरावायची? 2022 मध्ये कतारच्या अल बैत स्टेडियममध्ये हॉलिवूडचा अभिनेता मॉर्गन फ्रीमन याच्यासमोर गनीम अल मुफ्ताह हा तरुण बसला होता. जन्मतःच त्याच्या शरीराचा खालचा भाग विकसित झालेला नाही. माणसांना वेगवेगळ्या कुळांत आणि जमातींत घडवलं ते एकमेकांना ओळखावं म्हणून, या आशयाची कुराणातली आयत त्याने म्हटली. ते दृश्य बघून अरब जगतातली असंख्य माणसं हेलावली. मीही हेलावलो. त्या वेळी बीबीसीने आपल्या मुख्य वाहिनीवर सोहळा न दाखवता कतारमधल्या मजुरांच्या हालांवर चर्चा दाखवली. काहींना तो दुटप्पीपणा वाटला, काहींना कर्तव्य. स्टेडियम बांधणाऱ्या हातांत आपल्या देशातलेही हात होते. ते हात सोहळ्यात दिसले नाहीत, हे मला विसरता येत नाही.

तरीही आक्षेपाचं उत्तर मला त्याच स्पर्धेत सापडतं. अरबांचं खरं उद्घाटन दोन दिवसांनी झालं, जेव्हा सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. मग मोरोक्कोने स्पेनला आणि पोर्तुगालला घरी पाठवलं आणि उपांत्य फेरी गाठणारा तो पहिला आफ्रिकी आणि पहिला अरब संघ ठरला. पोर्तुगालवरच्या विजयानंतर सोफियान बुफालने आपल्या आईला मैदानात आणलं आणि माय-लेक गवतावर नाचले. डोक्यावर रुमाल घेतलेली, मुलाचे हात धरून हसत गिरक्या घेणारी ती बाई. कुणी तिला पावलं शिकवली नव्हती. कासाब्लांकापासून दोह्यापर्यंत आणि पॅरिसच्या उपनगरांत लोकांनी त्या नाचात स्वतःची आई पाहिली. देशाची ओळख ती यापेक्षा निराळी काय असते?

नाच फुटबॉलला परका नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. 31 मे 2002 रोजी सोलमध्ये जगज्जेता फ्रान्स सेनेगलसमोर उभा होता. सेनेगल ही फ्रान्सची जुनी वसाहत, आणि संघातले बहुतेक खेळाडू फ्रान्समधल्याच क्लबांत खेळणारे. तिसाव्या मिनिटाला पापा बुबा दिओपने पडता पडता चेंडू आत ढकलला. तो कोपऱ्यातल्या झेंड्यापाशी धावला, अंगातला शर्ट काढून त्याने गवतावर पसरला आणि सगळे त्या शर्टाभोवती रिंगण धरून नाचू लागले. दिओप 2020 मध्ये गेला, अवघ्या 42व्या वर्षी. त्या दिवशी सामन्याआधी सोलमध्ये मोठा सोहळाही झाला होता. त्याबद्दल मला काहीच आठवत नाही, आणि तो शर्ट गवतावर कसा पडला होता ते आजही डोळ्यांसमोर आहे.

आणि कोपनहेगन. 11 जून 2021 रोजी रोममध्ये युरो स्पर्धेचं उद्घाटन झालं, आंद्रेआ बोचेल्लीने सुंदर गायलं. दुसऱ्या दिवशी डेन्मार्क-फिनलंड सामन्यात ख्रिस्तियन एरिक्सन जमिनीवर कोसळला, त्याचं हृदय थांबलं होतं. डॉक्टर छातीवर दाब देत असताना डॅनिश खेळाडूंनी त्याच्याभोवती कडं केलं आणि बाहेर तोंड करून उभे राहिले, कॅमेऱ्यांना तो दिसू नये म्हणून. काहींच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. पुढच्या लांबलेल्या प्रतीक्षेत फिनलंडचे प्रेक्षक एका बाजूने 'ख्रिस्तियन' म्हणून हाक देऊ लागले आणि डॅनिश प्रेक्षक दुसऱ्या बाजूने 'एरिक्सन' म्हणून ती पुरी करू लागले. एरिक्सन वाचला, पुन्हा खेळलाही. हजारो अनोळखी माणसांनी मिळून म्हटलेली ती प्रार्थना होती. तिची तालीम झाली नव्हती.

आपल्याकडे 2017 मध्ये सतरा वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला तेव्हा उद्घाटन सोहळा झाला नाही. बऱ्याच जणांना ते कमीपणाचं वाटलं. एवढी मोठी स्पर्धा आणि साधा दिव्यांचा खेळ नाही? 6 ऑक्टोबरला मी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये होतो. पाच वाजता न्यूझीलंड आणि तुर्कस्तानची मुलं आली, राष्ट्रगीतं झाली, शिट्टी झाली. आठ वाजता पॅराग्वे आणि माली, आणि तो 3-2 असा संपलेला सामना मी पाहिलेल्या उत्तम सामन्यांपैकी एक आहे. दिल्लीत त्याच वेळी भारत अमेरिकेविरुद्ध खेळत होता. त्या संघात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. भारत तीन गोलांनी हरला. तीन दिवसांनी कोलंबियाविरुद्ध, 82व्या मिनिटाला, जॅक्सन सिंगने कॉर्नरवर उडी घेऊन हेडर मारला आणि फिफाच्या विश्वचषकात भारताचा पहिला गोल झाला. मिनिटभरात कोलंबियाने दुसरा गोल केला आणि सामना गेला. पण ते एक मिनिट आपलं होतं. स्पर्धेला तेरा लाखांहून जास्त प्रेक्षक आले, त्या वयोगटातला तो उच्चांक होता. सोहळा नाही म्हणून कुणी घरी बसलं नाही.

हा रोग दूरदेशीचाच आहे असं समजायचं कारण नाही. लहानपणी एका स्पर्धेत मी राखीव खेळाडू होतो. एप्रिलचं ऊन, दुपारचे चार. दोन्ही संघ रांगेत उभे राहिले आणि प्रमुख पाहुणे येईपर्यंत तसेच उभे राहिले, एक तास आणि वर काही मिनिटं. मग हार, नारळ, भाषण, ओळख-परेड. सामना सुरू झाला तेव्हा आमच्या मधल्या फळीतल्या दोघांच्या पायांत गोळे आले होते आणि अंधार पडायच्या आत संपवायचं म्हणून दोन्ही डाव पाच-पाच मिनिटांनी कमी केले. त्या दहा मिनिटांचं दुःख मला अजून आहे. मी खेळायला उतरलो असतो तर त्याच दहा मिनिटांत.

दहा मिनिटं कमी होणं आणि दहा मिनिटं वाढणं, दोन्हींत खेळाचंच जातं. नियमाप्रमाणे मध्यंतर पंधरा मिनिटांपेक्षा लांबता कामा नये. 2024च्या कोपा अमेरिकाच्या अंतिम सामन्यात शकिराच्या गाण्यासाठी ते पंचवीस मिनिटांचं केलं, आणि थंड पडलेल्या पायांनी परत उतरावं लागणार म्हणून कोलंबियाच्या प्रशिक्षकाने आधीच तक्रार केली होती. 2026च्या विश्वचषकाला यजमान तीन, म्हणून उद्घाटनंही तीन ठरली आणि अंतिम सामन्याच्या मध्यंतरात गाण्याचा कार्यक्रम जाहीर झाला. आरंभ झाकून झाला, आता मध्याची पाळी आहे.

मला सोहळा चालेल तो 2024 मध्ये म्युनिकला झाला तसा. जर्मन फुटबॉलचा महानायक फ्रांत्स बेकेनबाउअर जानेवारीत वारला होता. त्याची पत्नी हायडी युरोचा चषक घेऊन मैदानात आली. बरोबर 1980 आणि 1996चे विजेते कर्णधार बेर्नार्ड डीट्स आणि युर्गेन क्लिन्समन होते. त्यांनी चषक ठेवला, लोक उभे राहिले, आणि त्या टाळ्यांमध्ये बेकेनबाउअरला निरोप होता. तेवढे क्षण फुटबॉलच्याच घरातले होते.

मागच्या हिवाळ्यात मी तात्यांकडे गेलो होतो. आता ते फारसे बाहेर पडत नाहीत, गुडघे गेले आहेत, काठी लागते. बोलता बोलता साओ पावलोचा विषय निघाला आणि मी मोबाइलवर त्या तरुणाच्या चेंडू मारण्याचं चित्रीकरण त्यांना दाखवलं. तो उभा राहतो, सांगाडा हलतो, पाय पुढे येतो, चेंडू जरासा घरंगळतो. तात्यांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा. मोबाइल डोळ्यांजवळ धरून ते त्या पायाकडे बघत राहिले.

"ह्यो गड्या मध्यावर पायजे हुता," ते म्हणाले. "शिट्टी मारून."

आणि चित्रीकरण त्यांनी परत पहिल्यापासून लावलं.